खुनाच्या शिक्षेतून सुटका: पॅरोल आणि मुदतपूर्व सुटकेच्या न्याय्यतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्या व्यक्तीला सोडावे की नाही, हा विषय बातमीत येतो तो बहुधा एखाद्या गाजलेल्या नावामुळे, आणि मग सारी चर्चा त्या नावाभोवतीच फिरते. येथे दिलेली उत्तरे निर्णयाच्या पद्धतीविषयी आहेत. निर्णय कोण घेतो, कशाच्या आधारे घेतो, कोणाचे ऐकून घेतो आणि त्याची कारणे कोणाला सांगतो, यांवर त्याची न्याय्यता ठरते, असे आम्ही मानतो.

पॅरोल, फर्लो आणि मुदतपूर्व सुटका यांत फरक काय?

भारतात पॅरोल आणि फर्लो या दोन्ही तात्पुरत्या रजा आहेत. महाराष्ट्राच्या कारागृह नियमांत फर्लोला संचित रजा आणि पॅरोलला अभिवचन रजा म्हणतात. संचित रजा ठरावीक काळ शिक्षा भोगल्यानंतर, चांगल्या वर्तनाच्या आधारे मागता येते; अभिवचन रजेसाठी मात्र जवळच्या नातेवाइकाचे आजारपण किंवा मृत्यू यांसारखे विशिष्ट कारण दाखवावे लागते. रजा संपली की बंद्याला, म्हणजे कैद्याला, कारागृहात परत हजर व्हावे लागते.

मुदतपूर्व सुटका ही याहून निराळी. तिच्यात शासन उरलेली शिक्षा माफ करते आणि बंदी अटींसह किंवा अटींविना कायमचा बाहेर येतो. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका या देशांत पॅरोल म्हणतात ती साधारणपणे अशीच सुटका असते. मात्र तेथे शिक्षा माफ होत नाही, तिचा उरलेला भाग देखरेखीखाली बाहेर राहून भोगायचा असतो. परदेशातील बातमी वाचून येथील कायद्याविषयी निष्कर्ष काढताना हा फरक अनेकदा नजरेआड होतो. पुढील उत्तरांत मुख्यतः अशा दीर्घकालीन सुटकेचा विचार केला आहे.

जन्मठेप म्हणजे 14 वर्षांची शिक्षा ना?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये गोपाळ विनायक गोडसे प्रकरणात स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे उरलेल्या संपूर्ण आयुष्याची कैद, आणि कारागृहात मिळवलेल्या माफीच्या दिवसांची बेरीज कितीही झाली तरी शासनाने आदेश दिल्याखेरीज बंदी आपोआप मुक्त होत नाही. 14 वर्षांचा आकडा 1978 च्या दुरुस्तीने आला. ज्या गुन्ह्याला देहदंड ही एक संभाव्य शिक्षा आहे, त्यात जन्मठेप झालेल्याने प्रत्यक्ष 14 वर्षे कारावास भोगल्याशिवाय त्याला सोडता येणार नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 433-अ ने ठरवले. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 475 मध्ये आहे. म्हणजे 14 वर्षे पूर्ण झाल्यावर विचाराचे दार उघडते, सुटका होतेच असे नाही. राज्यांच्या धोरणांत गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ही मर्यादा पुष्कळदा याहून बरीच पुढे ढकललेली असते.

याशिवाय, 2008 च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय काही प्रकरणांत देहदंडाऐवजी 20, 25 किंवा 30 वर्षांपर्यंत, प्रसंगी आयुष्यभर, माफीविना कैद ठोठावतात. घटनापीठाने 2015 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

ज्याने दुसऱ्याचे आयुष्य संपवले, त्याच्या सुटकेचा विचार तरी का करावा?

हा प्रश्न विचारणाऱ्याला निर्दय ठरवू नये. मेलेल्या माणसाला दुसरी संधी नाही, तर मारणाऱ्याला ती का, या विचारात न्यायाची खरी जाणीव आहे. त्याला दिली जाणारी उत्तरेही एकाच प्रकारची नाहीत.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने 1977 मध्ये म्हटले की आजन्म कारावास घटनेशी सुसंगत ठरायचा असेल, तर बंद्याला पुन्हा स्वातंत्र्य मिळण्याची प्रत्यक्षात येऊ शकेल अशी संधी कायद्याने ठेवली पाहिजे. तेथे 15 वर्षांनंतर असा विचार होऊ शकतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2013 च्या विंटर निकालात हेच तत्त्व स्वीकारले आणि शिक्षेचा कधी ना कधी पुनर्विचार झालाच पाहिजे असे सांगितले. कॅनडात प्रथम श्रेणीच्या खुनासाठी 25 वर्षे पॅरोलचा विचार होत नाही. अनेक खून करणाऱ्याच्या बाबतीत अशा मुदती एकापुढे एक जोडत नेण्याची तरतूद तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये घटनाबाह्य ठरवली. याउलट इंग्लंडमध्ये अत्यंत गंभीर प्रकरणांत संपूर्ण आयुष्याची कैद आजही दिली जाते, आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत पॅरोलविना जन्मठेप ही नित्याची शिक्षा आहे.

आमचे मत असे की विचार होण्याचा हक्क आणि सुटकेचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर पुष्कळ वाद निवळतो. ज्याच्या सुटकेला ठाम नकार द्यावा लागेल, त्याचाही विचार प्रामाणिकपणे होऊ शकतो. नॉर्वेत 2011 च्या हत्याकांडातील गुन्हेगाराचा पॅरोल अर्ज न्यायालयाने पूर्ण सुनावणी घेऊन 2022 मध्ये फेटाळला. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याने निर्णय दुबळा झाला नाही.

मग निर्णय न्याय्य आहे असे केव्हा म्हणावे?

निकष आधी जाहीर झालेला असावा, निर्णय त्याच निकषावर घेतलेला असावा आणि त्याची कारणे लेखी दिलेली असावीत. तिन्ही पक्षांना, म्हणजे बंदी, मृताचे कुटुंब आणि समाज यांना, निर्णय वाचून तो का झाला हे समजले पाहिजे, मग तो त्यांना पटो वा न पटो. एकसारख्या दोन प्रकरणांत वेगळे निर्णय झाले, तर त्या फरकाचे कारण दाखवता आले पाहिजे. आणि निर्णय चुकला तर तो तपासणारे कोणी वर असले पाहिजे.

या कसोटीत दया किंवा कठोरपणा यांचे माप कोठेही नाही. कठोर धोरणही न्याय्य रीतीने राबवता येते आणि उदार धोरणही मनमानीने राबवता येते. एखाद्या राज्याने खुनासाठी 14 ऐवजी 22 वर्षे ठरवली, तर त्यावर वाद होऊ शकतो. पण 22 वर्षे भोगलेल्या दोघांपैकी एकाला सोडून दुसऱ्याला कारण न देता अडवले, तर तो अन्याय आहे यावर वादाला जागाच उरत नाही.

गुन्हा अत्यंत क्रूर होता, एवढे कारण नकाराला पुरेसे नाही का?

या साऱ्या विषयातील सर्वांत अवघड गाठ हीच आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबावे लागेल.

गुन्हा कसा घडला ही गोष्ट बदलत नाही. बंद्याने 10 वर्षे भोगली असोत की 40, त्या रात्रीचा तपशील तोच राहतो. त्यामुळे केवळ त्या तपशिलावर नकार द्यायचा असेल, तर पहिल्या सुनावणीत जे उत्तर मिळाले तेच विसाव्या सुनावणीतही मिळणार, आणि मधल्या काळात बंद्याने काय केले याला काही अर्थ राहणार नाही. अशा स्थितीत सुनावणी हा उपचार ठरतो, आणि सुटकेचा विचार करणारे मंडळ न्यायाधीशाने दिलेल्या जन्मठेपेचे रूपांतर स्वतःच्या अधिकारात मरेपर्यंतच्या कैदेत करते. तशी शिक्षा द्यायची होती तर ती खुल्या न्यायालयात, युक्तिवाद ऐकून, अपिलाची संधी ठेवून द्यायला हवी होती.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या लॉरेन्स निकालात हेच सूत्र मांडले: कायद्याचा निकष आजचा धोका हा आहे, म्हणून गुन्ह्याचे क्रौर्य आजच्या धोक्याशी कसे जोडले जाते हे दाखवल्याशिवाय केवळ क्रौर्याच्या आधारे नकार देता येणार नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2000 च्या लक्ष्मण नस्कर प्रकरणात पाच मुद्दे सांगितले. गुन्ह्याचा परिणाम व्यापक समाजावर होतो की तो एका व्यक्तीपुरता आहे, तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे का, गुन्हा करण्याची क्षमता बंद्याने गमावली आहे का, त्याला आणखी डांबून ठेवण्यात काही हेतू साधतो का आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थिती कशी आहे, हे ते मुद्दे. पाचांपैकी पहिला मुद्दा गुन्ह्याकडे पाहतो, बाकीचे आजच्या माणसाकडे आणि त्याच्या घराकडे.

केरळमधील जोसेफ प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखे आहे. एका महिलेच्या खुनासाठी जन्मठेप झालेल्या या बंद्याने 26 वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष कैदेत काढला होता; सल्लागार मंडळाने शिफारस करूनही शासन गुन्ह्याच्या प्रकाराकडे बोट दाखवून नकार देत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्याची सुटका केली. केवळ गुन्ह्याच्या वर्गावरून एखाद्याला माफीच्या विचारातून कायमचे वगळणे हे समानतेच्या आणि जीविताच्या हक्कांशी विसंगत आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

तरीही क्रौर्य बाजूला ठेवावे असा याचा अर्थ होत नाही. किमान मुदत किती असावी हे ठरवताना क्रौर्याचे वजन पुरेपूर घेतलेच पाहिजे. इंग्लंडच्या कायद्यात न्यायाधीश शिक्षा सुनावतानाच किमान मुदत जाहीर करतो. प्रौढ गुन्हेगारांसाठी 15, 25 व 30 वर्षे आणि संपूर्ण आयुष्य असे आरंभबिंदू आहेत. मुदत संपल्यावर पॅरोल मंडळापुढे एकच प्रश्न उरतो: लोकांच्या सुरक्षिततेसाठी या व्यक्तीला आत ठेवणे अजूनही आवश्यक आहे का? प्रायश्चित्ताचा हिशेब न्यायाधीशाने करावा आणि धोक्याचा हिशेब मंडळाने, ही विभागणी आम्हाला सर्वांत स्वच्छ वाटते.

सुटलेले खुनी पुन्हा खून करत नाहीत का?

काही जण करतात, आणि असे एकही प्रकरण मृताच्या घरच्यांसाठी टक्केवारीचा विषय नसते. तरीही धोरण ठरवताना एकूण चित्र पाहावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2011 च्या अहवालात कॅलिफोर्नियातून 1995 पासून पॅरोलवर सुटलेल्या खुनाच्या 860 दोषींचा मागोवा घेतला आहे. त्यांपैकी नव्या गंभीर गुन्ह्यासाठी पुन्हा तुरुंगात गेलेले पाच जण होते, आणि जन्मठेपेस पात्र अशा गुन्ह्यासाठी परत गेलेला एकही नव्हता. हे लोक कडक चाळणीतून निवडलेले आणि बहुतेक उतारवयाकडे झुकलेले होते, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. त्यावरून प्रत्येक खुनी सुरक्षित आहे असे ठरत नाही. काळजीपूर्वक निवड केली तर निवड जमते, एवढे मात्र ठरते.

वय वाढते तसे हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण घटते, ही गोष्ट गुन्हेशास्त्रात अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळली आहे. विशीत खून केलेला माणूस पन्नाशीत मंडळापुढे येतो तेव्हा ही बाब नोंदीत असली पाहिजे.

धोका मोजणाऱ्या चाचण्यांवर विसंबावे का?

त्यांचा उपयोग आहे, पण त्या कोणावर तपासून घेतल्या आहेत हे विचारल्याशिवाय नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एवर्ट निकालात सुधारगृह प्रशासनाला दोष दिला, कारण वापरात असलेल्या मानसशास्त्रीय चाचण्या तेथील मूलनिवासी बंद्यांच्या बाबतीत अचूक ठरतात की नाही, याची खातरजमा वर्षानुवर्षे इशारे मिळूनही केली गेली नव्हती. चाचणीचा गुण हा मंडळापुढील एक पुरावा असतो. त्या गुणाला बंद्याला उत्तर देता आले पाहिजे, आणि त्यासाठी तो गुण कसा निघाला हे त्याला कळले पाहिजे.

चाचणी नको, अनुभवी माणसांचा अंदाज पुरे, असे म्हणणाऱ्यांनी 2011 चा इस्रायलमधील पॅरोल सुनावण्यांचा अभ्यास पाहावा. प्रत्येक सत्राच्या आरंभी अनुकूल निर्णयांचे प्रमाण सुमारे 65 टक्के होते, सत्र संपत येईल तसे ते जवळजवळ शून्यावर येत होते आणि विश्रांतीनंतर पुन्हा वर जात होते. थकलेल्या, भुकेल्या न्यायाधीशांचा हा परिणाम असे त्या अभ्यासाने सुचवले. टीकाकारांनी मात्र दाखवून दिले की वकील नसलेल्या बंद्यांची प्रकरणे बहुधा सत्राच्या शेवटी येत होती. कोणते स्पष्टीकरण खरे मानायचे यावर वाद आहे, पण त्यांपैकी कोणतेही खरे असले तरी बंद्याच्या दृष्टीने त्यात समाधान मानावे असे काही नाही.

बंद्याने पश्चात्ताप दाखवला पाहिजे का? आणि जो गुन्हाच नाकारतो त्याचे काय?

पश्चात्ताप महत्त्वाचा आहे, पण तो तपासणे कठीण आहे. बोलका, शिकलेला बंदी योग्य शब्द लवकर शिकतो. मितभाषी किंवा निरक्षर बंद्याला वाटते ते मांडता येत नाही. म्हणून शब्दांपेक्षा वर्षांची नोंद अधिक विश्वसनीय मानावी: कारागृहातील वर्तन, केलेले काम, घेतलेले शिक्षण, रजेवरून वेळेवर परत येणे.

गुन्हा नाकारणाऱ्याचा पेच अधिक खोल आहे. इंग्लंडमध्ये 1974 साली एका सतरा वर्षांच्या मुलाला खुनासाठी दोषी ठरवण्यात आले. तो निर्दोष असल्याचे सांगत राहिला, आणि त्या नकारामुळे पॅरोलची वाट त्याच्यासाठी बंदच राहिली. 27 वर्षे कैदेत काढल्यानंतर तो 2001 मध्ये बाहेर आला आणि 2002 मध्ये अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. खोटी कबुली दिली असती तर तो बहुधा पुष्कळ आधी सुटला असता. जी पद्धत निर्दोष माणसाला खोटे बोलण्याचे बक्षीस आणि खरे बोलण्याची शिक्षा देते, तिला न्याय्य म्हणता येणार नाही. मंडळाने न्यायालयाचा निकाल गृहीत धरावा हे बरोबर आहे, पण नकार हा धोक्याचा पुरावा मानू नये.

एक बाब मात्र याहून वेगळी आहे. मृतदेह कोठे आहे हे माहीत असूनही न सांगणारा खुनी कुटुंबाला आजही यातना देत असतो. इंग्लंड व वेल्समध्ये 2020 च्या कायद्याने पॅरोल मंडळाला ही बाब विचारात घेणे बंधनकारक केले, आणि ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांनी तर मृतदेहाचा ठावठिकाणा न सांगणाऱ्याला पॅरोलच नाकारण्याचे कायदे केले. पहिला मार्ग आम्हाला अधिक योग्य वाटतो, कारण खरोखर निर्दोष असलेला माणूस ती माहिती कधीच देऊ शकणार नाही.

मृताच्या कुटुंबाचे म्हणणे किती निर्णायक असावे?

कुटुंबाला वेळेवर कळवणे, त्यांचे म्हणणे लेखी किंवा प्रत्यक्ष ऐकणे आणि निर्णयाची कारणे त्यांना सांगणे ही किमान सभ्यता आहे. मारेकरी सुटल्याचे शेजाऱ्याकडून किंवा दूरदर्शनवरून कळावे, यासारखा दुसरा अपमान नाही. भारतात शिक्षामाफीच्या मूळ कलमात कुटुंबाला नोटीस देण्याची स्पष्ट तरतूद नाही. ती असायला हवी, असे आमचे ठाम मत आहे. कॅलिफोर्नियात 2008 च्या सार्वमताने कुटुंबाचे सुनावणीतील हक्क विस्तारले. त्याच सार्वमताने नकारानंतर पुढील सुनावणी 15 वर्षांपर्यंत लांबवण्याची मुभाही दिली, आणि या दोन गोष्टी एकत्र बांधण्याची गरज नव्हती.

परंतु कुटुंबाच्या हाती अंतिम निर्णय देऊ नये, आणि हे म्हणताना त्यांच्या दुःखाला कमी लेखण्याचा हेतू नाही. एका मृताच्या मागे संतापलेले भाऊ असतात, दुसऱ्याच्या मागे क्षमा करणारी आई असते, तिसऱ्याच्या मागे कोणीच नसते. निर्णय कुटुंबाच्या इच्छेवर ठेवला, तर शिक्षेची लांबी मागे कोण उरले यावर ठरेल, आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्या जिवाची किंमत सर्वांत कमी धरली जाईल. शिवाय कुटुंबावर दबाव, धमकी किंवा पैशाचे आमिष येण्याची वाटही मोकळी होईल. मंडळाने कुटुंबाकडून जे ऐकायचे ते असे: आजही कोणाला भीती आहे का, बंद्याने किंवा त्याच्या माणसांनी संपर्क साधला का, सुटका झालीच तर तो कोणत्या गावात राहू नये. या माहितीचा निर्णयावर आणि अटींवर थेट परिणाम व्हावा.

पैसा, जात, राजकीय ओळख यांचा परिणाम होतो का?

होऊ नये असे कायदा स्पष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या एपुरू सुधाकर निकालात म्हटले की धर्म, जात किंवा राजकीय निष्ठा हे माफीचे आधार होऊ शकत नाहीत आणि अशा आधारावर दिलेला आदेश न्यायालयात टिकणार नाही. त्या प्रकरणातील माफीचा आदेश राज्यपालांच्या घटनात्मक अधिकारातील होता, तरीही तो रद्द झाला.

दुसरे ठळक उदाहरण गुजरातचे आहे. 2002 च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्याकांड यांसाठी जन्मठेप झालेल्या 11 जणांना तेथील शासनाने 15 ऑगस्ट 2022 रोजी सोडले. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी ती माफी रद्द केली आणि दोषींना दोन आठवड्यांत कारागृहात हजर होण्यास सांगितले. खटला महाराष्ट्रात चालला होता, त्यामुळे माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, गुजरातचा नव्हता, हे त्यामागील मुख्य कारण होते.

गाजलेल्या प्रकरणांत अन्याय निदान दिसतो तरी. वकील नसलेला, भेटीला कोणी न येणारा, स्वतःचा अर्ज लिहिता न येणारा बंदी मात्र पात्र होऊनही तसाच राहतो, आणि त्याची बातमी होत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा 18 फेब्रुवारी 2025 चा आदेश आम्हाला फार मोलाचा वाटतो. जेथे मुदतपूर्व सुटकेचे धोरण आहे तेथे बंदी पात्र होताच शासनाने त्याच्या अर्जाची वाट न पाहता विचार केला पाहिजे, ज्या राज्यांत धोरण नाही त्यांनी ते दोन महिन्यांत करावे, आणि निर्णयाची थोडक्यात कारणे नोंदवून ती बंद्याला कळवावीत, असे त्यात सांगितले आहे.

अंतिम शब्द मंत्र्याचा असावा की स्वतंत्र मंडळाचा?

स्वतंत्र मंडळाचा. निवडून आलेल्या व्यक्तीला खुनी सोडल्याबद्दल मते जाण्याची भीती असते. त्याला न सोडल्याबद्दल मते सहसा जात नाहीत. तराजूचे एक पारडे आधीच जड असते.

कॅलिफोर्नियात 1988 पासून खुनाच्या प्रकरणांत मंडळाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार गव्हर्नरला आहे. रॉबर्ट केनेडी यांच्या खुन्याला सोडण्याची शिफारस मंडळाने ऑगस्ट 2021 मध्ये केली, ती गव्हर्नरने जानेवारी 2022 मध्ये फेटाळली. 1969 च्या मॅन्सन टोळीच्या हत्यांतील एका दोषी महिलेच्या बाबतीत गव्हर्नरांनी मंडळाच्या शिफारशी अनेकदा फिरवल्या. अखेर अपील न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर ती जुलै 2023 मध्ये बाहेर आली. मेरीलँड राज्याने 2021 मध्ये गव्हर्नरला या प्रक्रियेतून वगळले. इंग्लंडमध्ये जन्मठेपेची किमान मुदत ठरवण्याचा गृहमंत्र्यांचा अधिकार 2002 च्या निकालांनंतर संपला.

भारतात मात्र निर्णय शासनाचाच आहे. सल्लागार मंडळ शिफारस करते आणि ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशाचे मत घेतले जाते. हे मत रबरी शिक्क्यासारखे असू नये, त्यात कारणे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या राम चंदर प्रकरणात बजावले. 2023 मध्ये बिहारच्या राजेंद्र मंडल प्रकरणात त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली: न्यायाधीशाने बंद्याला पाहिलेले असते ते खटल्याच्या वेळी, आणि पोलिसांचा अहवालही जुन्याच माणसाविषयी असतो, आजचा माणूस कसा आहे हे सांगू शकतात ते कारागृहाचे अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञ. प्रत्यक्षात मात्र पोलिसांचा एक ओळीचा प्रतिकूल शेरा वर्षांच्या चांगल्या नोंदीवर भारी पडतो.

शिक्षेनंतर धोरण बदलले, तर कोणते लागू होते?

दोषसिद्धीच्या तारखेला जे धोरण होते ते, आणि नंतरचे धोरण अधिक उदार असेल तर त्याचा लाभ बंद्याला मिळावा, असे हरियाणा राज्य विरुद्ध जगदीश या 2010 च्या निकालाने सांगितले आहे.

गुन्हा घडला तेव्हा आरोपी अल्पवयीन होता, तर?

भारतात 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 21 अशा मुलाला देहदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देण्यास मनाई करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये अल्पवयीनांना सरसकट, अनिवार्यपणे पॅरोलविना जन्मठेप देणे घटनाबाह्य ठरवले आणि 2016 मध्ये हा नियम जुन्या प्रकरणांनाही लागू केला.

सुटकेला कोणत्या अटी घालता येतात?

ठरावीक काळाने पोलीस ठाण्यात हजेरी, विशिष्ट गावात न जाणे, मृताच्या कुटुंबाशी संपर्क न ठेवणे, पत्ता बदलल्यास कळवणे अशा अटी रास्त आहेत. त्या पाळता येण्याजोग्या असाव्यात. दोन वर्षे सभ्यपणे वागावे अशी मोघम अट सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या माफाभाई सागर प्रकरणात मनमानी ठरवली, कारण सभ्यपणा म्हणजे काय हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही आणि अशा अटीचा आधार घेऊन माणसाला केव्हाही परत आत टाकता येते. अट मोडल्यास माफी रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगावी लागू शकते; मात्र त्याआधी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. इंग्लंडमध्ये जन्मठेपेतून सुटलेली व्यक्ती आयुष्यभर अटींच्या परवान्यावर बाहेर असते आणि धोका दिसल्यास तिला परत बोलावले जाते.

निर्णय अन्यायकारक वाटला तर काय करावे?

बंद्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी प्रथम आदेशाची प्रत आणि कारणे मागावीत. कारणे दिलेली नसतील तर तो स्वतंत्रपणे आव्हानाचा मुद्दा आहे. त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. न्यायालय बहुधा स्वतः सुटकेचा आदेश देत नाही. ते निर्णय रद्द करून ठरावीक मुदतीत फेरविचार करण्यास सांगते. वकील परवडत नसेल, तर कारागृहातील विधी सेवा केंद्रामार्फत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीत असलेली व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता विनामूल्य विधी सेवेस पात्र आहे. जिल्हा प्राधिकरणाकडील अर्जात शिक्षेची तारीख, प्रत्यक्ष भोगलेला काळ, मिळालेली माफी, घेतलेल्या रजा आणि त्यांवरून परतल्याच्या तारखा लिहाव्यात, म्हणजे प्रकरण नोंदी मागवण्यातच अडकून पडत नाही.

मृताच्या कुटुंबालाही चुकीच्या सुटकेला न्यायालयात आव्हान देता येते. गुजरातच्या प्रकरणात पीडितेने स्वतः याचिका केली होती. सुटकेपूर्वीच म्हणणे मांडायचे असेल, तर संबंधित कारागृह अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि राज्याचा गृह विभाग यांच्याकडे लेखी निवेदन देऊन त्याची पोच घ्यावी, आणि भीतीचे कारण असल्यास ते तारखा व घटनांसह नमूद करावे.